आप्पांचा चमचा

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं कात्रण सोबत पाठवते आहे. आधी हातातली सुई खाली ठेव आणि मग वाच, नाहीतर हसता हसता कुणाच्या तरी गणवेशाला तीन बाह्या लावशील.

मी आप्पांना समुद्रावर घेऊन गेले होते ना, त्या सहलीवरचा हा लेख, ‘आप्पांचा चमचा’. माझ्या सदरात आजवर इतकी गावं आली, इतकी हॉटेलं आली, पण वाचकांची एवढी पत्रं कधी आली नव्हती. संपादक म्हणाले, की डोंगरदऱ्या राहू देत, यापुढे वडिलांनाच फिरवत राहा. अंडं नीट उकडलं नाही म्हणून आप्पांनी आचाऱ्याला बाहेर बोलावलं, आणि शेवटी त्याच्याशीच गट्टी जमवून हॉटेलच्या पाटीवरची अक्षरं कुठे कुठे चुकली आहेत ते त्याला समजावत बसले. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, दुसरं काय करणार! तो भाग लोकांना फार आवडला. पण सगळ्यांत गाजलं ते सूप. आप्पांच्या चमच्यातलं सूप परतीचं तिकीट काढूनच निघतं आणि निम्म्या वाटेवरून वाटीत माघारी येतं, असं मी लिहिलं आहे. प्रुफं तपासणारे गृहस्थ म्हणे खुर्चीतून पडायचेच राहिले.

आप्पांना मोठ्यानं वाचून दाखव, चष्मा शोधण्यात त्यांचा अर्धा दिवस जाईल. तुझा गुडघा काय म्हणतो? मी पुन्हा निघाले आहे, पायाला भिंगरी आहे ती आहेच.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे, फक्त माझ्या वाट्याचा आप्पांना देऊन टाकू नकोस.

तुझी
भिंगरी


१४ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

कात्रण मिळालं. वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आली नाही. रविवारी सकाळीच औषधांच्या दुकानदारानं आप्पांना हाक मारून आत बसवलं आणि गिऱ्हाइकांसमोर सगळा लेख वाचला. आप्पाही हसले म्हणे. घरी आले तेव्हाही हसतच होते. चेहऱ्यावरून ते हसू कसं उतरवायचं हे त्यांना सुचत नसावं.

दुपारी ताट वाढलं तर म्हणाले, की आत्ता भूक नाही, खोलीत ठेव. संध्याकाळीही तेच. तेव्हापासून ते दार लावून जेवतात. ताट आणायला जाते तर टेबल स्वच्छ पुसलेलं असतं आणि शर्टाची बाही ओली असते.

आता लिहिते ते आधीच का नाही कळवलं, असं तू विचारशील. त्यांचा उजवा हात थंडी सुरू झाल्यापासून थरथरतो आहे. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. तुला कळवायचं नाही, आणि बाहेर तर कुणाला कळूच द्यायचं नाही, अशी आप्पांनी मला गळ घातली होती. हाताखाली काठीचा टेकू घेऊन, श्वास रोखून ते अजून पाट्या रंगवत होते. एकेका अक्षराला अख्खी दुपार जायची, पण पाटी बघून कुणाला शंका आली नाही. शाळेची नवी पाटी त्यांच्याकडेच होती. लेख आल्यावर दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापक आले. पाटीची घाई नाही, तुम्ही आराम करा, असं फार गोड बोलले, आणि जाताना फळी बरोबर घेऊन गेले. बोलताना त्यांचे डोळे आप्पांच्या हातावरून हलत नव्हते. आप्पांनी हात पाठीमागे नेला.

तू लिहिलंस त्यातला एक शब्दही खोटा नाही. म्हणूनच तर कुणाला काही म्हणता येत नाही.

प्रवासात सांभाळून राहा. आशीर्वाद आहेतच, दिलेले काढून घ्यायची सोय नसते.

ताई


२३ मार्च

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र मुक्कामावर मिळालं आणि समोरचं जेवण तसंच गार झालं.

मला सांगायचं नाही हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, आणि मला कळलं नाही म्हणून मलाच बोल लावायचे! आप्पा मला म्हणाले, की हॉटेलचा चमचा फार जड आहे. मी ते खरं मानलं. बापानं सांगितलेलं मुलीनं खरं मानू नये का?

आणि बोलतोच आहोत तर माझंही ऐकून घे. त्यांना बाहेर काढलं ते मी. चपला हातात घेऊन वाळूतून चालताना त्यांना तू पाहिलं नाहीस, ओल्या पायांनी ते तसेच हॉटेलभर हिंडले. तू त्यांना कधी कोपऱ्यापलीकडे नेलंस? तू त्यांना काचेच्या कपाटात ठेवतेस आणि किल्ली कमरेला लावून फिरतेस. त्यांचं दुखणंसुद्धा तू एकटीनं ठेवून घेतलंस. मला त्यातला वाटा दिला नाहीस, आणि दोष मात्र सगळा माझ्या नावावर.

असो. ज्यांच्यासमोर हसू झालं त्यांच्यासमोरच ते पुसायला हवं. पुढचा लेख आप्पांच्या हाताबद्दल लिहिते आहे, जाहीर माफीचा, सगळं खरंखरं. लिहिताना डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. मला वाटतं, आजवर इतकं चांगलं मी काही लिहिलेलं नाही.

आप्पांना नमस्कार. माझा राग खुशाल कर, पण त्याच्या शेजारी थोडा लोभ बसेल एवढी जागा ठेव.

भिंगरी


३० मार्च

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस. ताईकडून लिहून घेतलं असतं, पण तिनं पदरचे दोन शब्द घातले असते, आणि ते तुला लागले असते.

तुझा लेख चांगला आहे. मी दोनदा वाचला. आचारी तर हुबेहूब उतरला आहे. समुद्रावर मला मजा आली हे खरं, ते आता कुणी खोटं ठरवू नये. ताईवर चिडू नकोस, गप्प राहायला मीच सांगितलं होतं. तू वर्षातून एकदा येतेस, तेवढे दिवस तरी मी तुला नेहमीसारखा दिसावा अशी इच्छा होती.

तिथे जेवताना तू एकटक माझ्याकडे बघत होतीस. मला वाटलं, पोरीला किती दिवसांनी बाप डोळे भरून बघायला मिळतो आहे. म्हणून मी जरा जास्तच बोललो, त्या आचाऱ्यालाही बोलावलं. नंतर छापलेलं वाचलं तेव्हा कळलं, तू काय बघत होतीस ते.

माफीचा लेख छापू नकोस. हसणारी माणसं चार दिवसांत दुसरं काहीतरी शोधतात. कीव करणारी सोडत नाहीत. तुझ्याकडे मी कधी काही मागितलेलं नाही, हे मागतो.

ब्रश माझ्या हाताखाली शिकलेल्या पेंटरला देऊन टाकले. इथे पडून वाळले असते.

वेळेवर जेवत जा. लोभात काही उणं नाही, तुझ्याकडूनही पडू देऊ नकोस.

आप्पा


८ एप्रिल

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हाती पडलं तेव्हा पुरवणीचं पान छपाईसाठी लागलेलं होतं. मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, की थांबवता येईल, पण असा लेख मागे घेणं म्हणजे वाचकांवर अन्याय. मग मीही फार ताणून धरलं नाही. तुम्ही वाचलात ना? माझं तुमच्यावर किती प्रेम आहे ते त्यात दिसतं, असं सगळे म्हणतात.

आप्पा, इतकी पत्रं आली आहेत! कुणाच्या आईचा हात असाच, कुणाच्या भावाचा. तुम्ही किती जणांना धीर दिलात याची तुम्हाला कल्पना नाही. काहींनी तुमच्यासाठी वस्तू पाठवल्या आहेत, त्या पुढे धाडल्या आहेत. येत्या रविवारी मी येते. तिघं मिळून जेवू, पूर्वीसारखं.

तुमची
भिंगरी


२० एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं कळलं. आप्पा तुला खूप सुधारलेले वाटले, हात तर मुळीच हलत नव्हता, लेखाचा त्यांना फायदाच झाला असं तू लिहितेस. मी गप्पच बसणार होते.

वस्तू अजून येताहेत. जाड मुठीचे चमचे, झाकणाचे पेले, गळ्यात बांधायचे रुमाल. आप्पा पुडकी न फोडता माळ्यावर टाकायला सांगतात. औषधांचा दुकानदार आता हाक मारत नाही, त्यांना बघितलं की उठून खुर्ची पुढे करतो. आप्पांनी तो रस्ताच सोडला आहे.

तू येणार म्हणून कळलं तेव्हा त्यांनी मला कोटाचा खिसा उसवून खोल शिवायला लावला. रविवारी सकाळी तू यायच्या आधीच ते खोलीत जेवले. तुला म्हणाले, की डॉक्टरांनी दुपारचं जेवण बंद करायला सांगितलं आहे, तुम्ही जेवा, मी बसतो. तू ते खरं मानलंस. आपण दोघी जेवलो. ते कोट घालून, हात खिशात घट्ट धरून समोर बसले, आणि तुझ्या प्रवासाच्या गोष्टींना हसायचं तिथे बरोबर हसले. तू किती छान सांगत होतीस! मध्येच मलाही हसू आलं, त्याची नंतर लाज वाटली.

तू गेल्यावर त्यांना तो कोट एकट्यानं काढता येईना. मी बाही ओढत होते तेव्हा त्यांनी विचारलं, की मी बरा दिसलो ना, तिनं काही लिहिलंच तर बरं लिहील ना? मी हो म्हणाले.

तू येऊ नकोस असं मी कधी म्हणणार नाही, घर तुझंही आहे. फक्त येण्याआधी दोन दिवस कळवत जा. त्यांना तयारीला वेळ लागतो.

लोभ पूर्वी होता तेवढाच आहे. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

ताई