एका विषयाचे कमी गुण

माझ्या लेकीच्या आईला,

देवाची कृपा आहे. मी बरा आहे आणि वेळेवर जेवतो.

सध्या एका वकीलबाईंच्या ऑफिसात पुस्तकांची कपाटं करतोय. दुपारच्या उन्हात लाकडाचा भुसा तरंगत राहतो, माझा डोळा लागतो आणि समोरच्या खुर्चीत आपली लेक बसलेली दिसते. काल बाईंनी विचारलं, "मिस्त्री, झोपेत कोणाशी बोलताय?" मग सगळं सांगितलं. एकाच विषयात पोर जेमतेम पास झाली, म्हणून लॉ कॉलेजचा अर्जच भरत नाही.

बाई हसल्या. "एवढ्याने कोणी दार लावत नाही हो! सगळ्या वर्षांचे गुण बघतात. तेव्हा का घसरली ते अर्जात दोन ओळींत लिहू दे. रडगाणं मात्र नको."

पण आपली पोर ते लिहिणार नाही. त्या परीक्षेच्या वेळी ती तुझ्या उशाशी बसून होती. ते वाचून तुझ्या मनाला लागेल, अशी तिला भीती. म्हणून तूच सांग तिला. आई आजारी होती, आता बरी आहे, एवढंच लिही म्हणावं.

हात जोडले की आधी तुझंच नाव येतं. 'आता बरी आहे' ही दुसरी ओळ खरी आहे ना गं?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
तुझाच