मागची खोली

प्रिय शफीक,

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, ओळ संपत आली की वर चढणारं. मास्तर त्यावरून तुला छड्या मारायचे आणि मी घरी येऊन आईकडे चुगली करायचे. डेन्मार्कच्या थंडीत तुझे गुडघे गेले, बायको सोडून गेली, मुलं ईदला फोन करतात, तोही आठवण झाली तर. सगळं वाचलं आणि वाईट वाटलं. शेजारच्या उम्म रियादना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "बिचाऱ्याला तिकडे जेवलास का म्हणून विचारणारंसुद्धा कुणी नाही."

तू फक्त मागची खोली मागितलीस. लिहिलंस, मी कुणाला उठवायला येत नाही, कोपऱ्यात एक गादी टाक, मला आपल्या माणसांत मरायचंय. पण ती खोली तुझ्या आठवणीतली राहिलेली नाही रे. छताचे पत्रे गेले, स्लॅब आला, वर दोन मजले चढले. निर्वासितांच्या या कॅम्पला बाजूला वाढायला जागा नाही, म्हणून आम्ही एकमेकांच्या डोक्यावर राहतो. खालच्या त्या खोलीत माझा धाकटा, त्याची बायको आणि दोन मुली असतात. तू तेलाच्या डब्यात लावलेलं लिंबाचं झाड नायेफनं काढून टाकलं. तिथे पाण्याची टाकी बसवायची होती. माझा नवरा म्हणून सांगत नाही, पण त्याला झाडांचं काही कळत नाही. लिंबं चांगली रसरशीत यायची.

माझं म्हणशील तर मी आता मोठी बाई झालेय, हसू नकोस. दर मे महिन्यात, आपलं गाव सुटल्याच्या दिवशी, माइकवर मीच बोलते. परदेशी पाहुणे आले की कॅम्पची कमिटी त्यांना माझ्याकडेच पाठवते. मी आपलं ते गाव, कफ्र झैना, कधी पाहिलेलं नाही, पण तिथली विहीर अशी सांगते की ऐकणाऱ्याला तहान लागावी. गेल्या महिन्यात एक गोरी पोरगी वही घेऊन आली. म्हणाली, "तुमच्या गावात आता दुसरे लोक राहतात. त्यांची मुलं तिथेच जन्मली. त्यांना कुठे पाठवणार?" मी म्हटलं, "पोरी, आम्ही कुणाला उठवायला येत नाही. आमची जागा आम्हाला द्या, शेजारी राहू. पण आधी एवढं तरी कबूल करा, की आम्ही गेलो नाही, आम्हाला घालवलं." तिनं विचारलं, "आणि तुमच्या पुढाऱ्यांची काहीच चूक नव्हती?" मी म्हटलं, "होती की. ती आमची आम्ही बघू. ज्यानं घर घेतलं, त्यानं आपल्या वाटणीचं बोलावं." पोरीनं डोळे पुसले. दोनदा चहा घेतला आणि जाताना माझा हात धरून बसली.

तुझं पत्र त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. उभ्याउभ्याच वाचलं. कुणाला उठवायला येत नाही, असं तूही लिहिलं होतंस.

पंच्याऐंशी साल आठवतं तुला? बाहेर मारायच्या माणसांच्या याद्या फिरत होत्या, रोज कुणीतरी नाहीसं होत होतं. मी धावत घरी आले आणि सांगितलं की मोटारसायकलवर दोघं आले होते, खलीलचा मुलगा शफीक कुठे राहतो म्हणून विचारत होते. तू नायेफचा कोट अंगावर चढवलास. आई तुला सोडायला तयार नव्हती. म्हणाली, "दोन आठवड्यांसाठी म्हणून मीही गावातून निघाले होते, पीठ मळून ठेवून." मीच तिला गप्प केलं. मीच तुला संत्र्याच्या बागेपर्यंत पोचवलं आणि म्हटलं, "तुझी खोली मी सांभाळते." तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास.

वर्षभर आई तिथे तुझी गादी घालत राहिली. मग माझं लग्न झालं, आणि रिकामी खोली किती दिवस ठेवायची म्हणून आम्ही तिथे झोपायला लागलो. आई सारखी विचारायची, "कोण होते गं ते मोटारसायकलवर? नाव तरी सांग, म्हणजे शिव्या कुणाला घालायच्या ते कळेल." मग मी दोन नावं सांगितली, मनाला येतील ती. ती त्या दोघांना मरेपर्यंत, एकोणीस वर्षं, शिव्या देत होती.

शफीक, त्या महिन्यात अख्ख्या सैदा शहरात पेट्रोलचा थेंब मिळत नव्हता. मोटारसायकल कुठून येणार? तुला हे तेव्हाही सुचलं नाही, आत्ताही सुचलं नसतं. माझा साखरपुडा होऊन चार वर्षं झाली होती. नायेफच्या घरी एका खोलीत नऊ माणसं, आणि आपल्याकडची मागची खोली तुझी, तुझ्या होणाऱ्या बायकोची. मला ती हवी होती. एवढंच. तुला मारायला कुणी येत नव्हतं. हे मी नायेफलाही सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, ते माफी मागायला नाही. हे वाचून तुला माझं तोंड बघायची इच्छा उरू नये म्हणून सांगतेय. कॅम्पात पुन्हा राहायला येण्यासाठी तू केलेला अर्ज कमिटीनं घरच्या माणसाचा जबाब घ्यायला माझ्याचकडे पाठवला होता. मी लिहिलं, सदर इसम स्वखुशीने गेला. जागेत आता दुसरे लोक राहतात. त्यांची मुलं तिथेच जन्मली. खाली सही करून काल कागद परत दिला. तेव्हा तिकीट काढू नकोस. गुडघ्यांना चोळायला ऑलिव्हचं तेल पाठवतेय, कोमट करून लाव.

तुझीच,
वजीहा