आजीला दुकानाकडं जाऊ देऊ नको

अक्षदा,

भाकरी दुरडीत हायत, पिठलं पातेल्यात झाकून ठेवलंय. आजीला आज त्या मोठ्या किराणा दुकानाकडं जाऊ देऊ नको.

काल काय झालं ते तुला सांगितलं न्हाय. तेलाच्या पुड्यामागं एक कूपन देतेत आन् कूपनांचा कागद भरला की एक पुडा फुकट, हे आजीच्या डोक्यात पक्कं बसलंय. शेजारपाजारची कूपनं सरली, म्हणून काल ती दुकानाच्या दारात लोकांनी टाकलेली येचीत बसली. मी पोचले तवा तिथल्या राखणदारानं तिचं मनगट धरलं होतं. "म्हातारे, ऊठ, गिऱ्हाइकाच्या पायात येतीस," म्हणत होता. मला बघून आजी हसली आन् म्हणाली, "लोकं तुडवीत व्हते गं, म्हणून उचलली." रात्री मात्र जेवली न्हाय.

तुझ्या आप्पांनी अंथरूण धरल्यापासनं मी बी कूपनांसाठी दारोदार फिरले. आता न्हाय. तेरखेड्याला फटाक्याच्या कारखान्यात बाया घेतेत, आजपासनं तिकडं कामाला जातेय. तू नको म्हणाली होतीस, म्हणून तू झोपेत असतानाच निघाले. फटाक्याच्या दारूची भीती मला बी वाटती. पण काल आजीला तसं बघितल्यावर घरात बसवंना.

आप्पांना जेवल्यावर गोळी दे. आजीनं इचारलं तर सांग, आई मावशीकडं कूपनं आणायला गेलीय.

आई