गाणं सकाळीच का थांबतं

३ नोव्हेंबर, सोमवार
आज पुन्हा थांबलं. ९.४०. विलंबित संपून द्रुत सुरू होणार तेवढ्यात शांतता. लॅपटॉप चालू, इंटरनेट चालू, डॅकचा निळा दिवा चालू, अँप्लिफायर गरम. सगळे कामावर हजर आणि काम कोणीच करत नाही. थेट आमची जुनी कंपनी.

डॅक म्हणजे माझा तो काडेपेट्यांच्या पुड्याएवढा डबा. लॅपटॉपमधले आकडे घेतो, त्याचं गाणं करून अँप्लिफायरला देतो. रिटायर झाल्यावर स्वतःसाठी घेतलेली एकच वस्तू. नंदा त्याला आपली सवत म्हणते.

प्ले दाबलं, सुरू. दोन मिनिटांत बंद. परत दाबलं. परत बंद. सात वेळा. मरोळला एमआयडीसीत पस्तीस वर्षं मीटर दुरुस्त केले. सापडेल.

५ नोव्हें., बुध
यूएसबी केबल बदलली. ९.५५ बंद. दुसऱ्या पोर्टला लावली. १०.०५ बंद. ड्रायव्हर काढून नवा टाकला, सॅम्पल रेट खाली आणला. बंद, बंद. प्ले किती वेळा दाबलं मोजलं नाही. वीस तरी.

नं.: "अहो, सरळ रेडिओ लावा ना."

संध्याकाळी साडेसात ते नऊ अखंड वाजलं. साधी टिचकीसुद्धा नाही. बिघाड फक्त सकाळी येतो. वेळ पाळणारा बिघाड आयुष्यात पाहिला नाही.

७ नोव्हें., शुक्र
संशय सोसायटीच्या पाण्याच्या पंपावर. पंपाने व्होल्टेज पडत असणार. वॉचमनला वेळ विचारली. "साढ़े नौ से साढ़े दस, काका." चोर सापडला म्हणून खूश होऊन वर आलो, जुना काट्याचा मीटर लावून बसलो. पंप सुरू झाला, काटा जागचा हलला नाही. गाणं मात्र बंद.

नं. हसली. बऱ्याच महिन्यांनी. मग आत गेली आणि कढईचा आवाजही येईना.

तिचं मृ.शी फोनवर बोलणं होतं, मी भाजीला खाली उतरलो की. वर आलो की "बरं, ठेवते". म्हणून हल्ली मी मुद्दाम उशिरा येतो. पालेभाजीवाल्याशी उगाच हुज्जत घालतो. लेकीचं नाव पूर्ण लिहायला हात अडतो. मृणाल. लिहिलं.

९ नोव्हें., रवि
आज थांबलंच नाही. दहा, अकरा, बारा. पंप तर आजही चालला. कधी थांबतं याची वाट बघत बसलो. काय ऐकलं ते विचाराल तर सांगता येणार नाही.

हे गाण्यांचं खातं मृ.नेच काढून दिलेलं, लग्नाआधी. "बाबा, कॅसेटी फेका आता. माझ्याच खात्यावर ऐका." तिच्या फोनवर, माझ्या लॅपटॉपवर, एकच.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बॅग घेऊन आली. म्हणाली, त्याने हात उचलला. मी विचारलं, किती वेळा? एकदाच. मग मी म्हणालो, एकदाच ना, मग थोडं सांभाळून घे. हे वाक्य माझं. नं.ने रीतीप्रमाणे ओटी भरली, नारळ, खण, तांदूळ. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी. तिने पदर पुढे केला, आमच्याकडे बघितलं नाही. रिक्षा मीच आणली. ती बोरिवलीला सासरी गेलीच नाही. मधेच रिक्षा अंधेरीला मैत्रिणीकडे वळवली. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही.

११ नोव्हें., मंगळ
सावंताला बोलावलं. मरोळला एका टेबलावर होतो आम्ही. त्याने स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचं खातं माझ्या डॅकला लावलं. तासभर अखंड. मग माझा लावला. पंधरा मिनिटांत बंद. मी खिडकीशी खुर्चीत, तो लॅपटॉपसमोर.

"अरे मेल्या, हयसर लिवलेला आसा मां! तुझा खाता दुसऱ्या फोनार चालू झाला म्हणान हय बंद पडला."

मी झाकण अर्धं मिटून लांब बसतो. कोपऱ्यात एक ओळ येते आणि जाते. मी ती कधी वाचली नाही. वायरी तपासल्या, पंप तपासला, लिहिलेलं वाचलं नाही.

सावंताने त्या ओळीवर दाबलं. "मृणालचा फोन." खाली ती काय ऐकतेय तेही येतं. "जुन्या पंख्याचा आवाज, आठ तास."

सावंत तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतो. चहा अर्धा टाकून उठला.

१२ नोव्हें., बुध
नं.ला विचारलं, सकाळी दहाला ही पंखा कशाला ऐकते?

"झोपायला. रात्रपाळी करते ती, एअरपोर्टजवळ. सकाळी येऊन झोपते. शनिवारी रात्री सुट्टी."

"कधीपासून?"

"सहा महिने झाले."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

आतल्या खोलीतला पंखा घरघरायचा. तेल घालायला मी दोनदा स्टूल लावलं, दोन्हीदा मृ.ने मला खाली उतरवलं. बाबा, तो आवाज गेला तर मला झोप नाही येणार. आता जिथे राहते तिथे एसी आहे म्हणे. पंखाच नाही.

म्हणजे मी सकाळी प्ले दाबलं की तिचा पंखा बंद. रात्रभर जागून आलेली पोर. डोळा लागला की शांतता. ती उठून परत लावणार, माझं गाणं थांबणार, आणि मी चिकाटीने परत प्ले दाबणार. एका सकाळी सात वेळा. एका सकाळी वीस वेळा. कर्तबगारी.

जेवलो नाही.

१३ नोव्हें., गुरु
तिच्या फोनवरही दिसत असणार कोण बंद करतंय ते. लॅपटॉपला नाव तिनेच दिलेलं, "बाबांचा लॅपटॉप". म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत. मी मुद्दाम करतोय असंच वाटलं असणार तिला. का वाटू नये? सांभाळून घे म्हणणारा माणूस मी.

नं.ला म्हटलं, तू सांग ना तिला, मला ठाऊक नव्हतं म्हणून.

"मी निरोप पोचवणार नाही. रिक्षा आणायला कोणाला पाठवलं नव्हतंत."

बरोबर आहे.

१५ नोव्हें., शनि
सकाळी गाणं लावत नाही. नुसता लॅपटॉप उघडून बसतो. काल ९.३५ ला तिचा पंखा सुरू झाला. पोचली घरी. आज ९.५०. ट्रॅफिक असेल. दीड वर्षात ती घरी पोचल्याचं मला आज दुसऱ्यांदा कळलं.

माझं वेगळं खातं काढायला सांगतो सावंत. पाच मिनिटांचं काम. मग तिला कधीच त्रास नाही. पण मग "मृणालचा फोन" दिसणारही नाही. हे कोणाला सांगू? जमत नाही.

१६ नोव्हें., रवि
मेसेज टाइप केला: "मृणाल, लॅपटॉपवर गाणं मी लावत होतो. तुझं बंद पडतं हे माहीत नव्हतं. यापुढे सकाळी लावणार नाही. बाबा." पाठवला.

नं.ने वाचला. "एवढंच? मूळ मुद्दा?"

"तो नंतर."

"नंतर नंतर करत दीड वर्ष गेलं."

दुपारी दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१७ नोव्हें., सोम
"तू आलीस तेव्हा तुला ठेवून घ्यायला हवं होतं. परत पाठवलं ते चुकलं. माझंच चुकलं, आईचं नाही." एवढं लिहायला सकाळ गेली. नं.ला न दाखवता पाठवलं. वाचलं तिने. लगेच वाचलं. बस.

१८, मंगळ
पंखा नाही. दुपारपर्यंत बघितलं. नं. म्हणाली, फोनही उचलत नाही.

१९, बुध
पंखा नाही. नं.ला तिचा मेसेज, "बरी आहे." माझ्यामुळे आता त्या खात्यावर येतच नसेल. होतं तेवढंही घालवलं मी. रडलो. साठी उलटल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून.

२० नोव्हें., गुरु
९.४५. मी पेपर वाचत होतो. लॅपटॉप नुसता उघडा, हात लावला नव्हता, अँप्लिफायरही चालू. आणि हॉलमध्ये पंखा सुरू झाला. घर्र, घर्र, मधेच एक टक्. नं. आतून आली, आधी छताकडे बघितलं. आमचा पंखा बंद होता. आवाज स्पीकरमधून, माझ्या डॅकमधून.

सावंताला फोन केला. म्हणाला, फोनवरून गाणं लॅपटॉपवर पाठवता येतं, पण त्यासाठी तिला "बाबांचा लॅपटॉप" निवडावा लागतो. चुकून बोट लागू शकतं? "लागाक शकता," म्हणाला, "पण चुकलाच म्हणान कित्याक धरतंस?"

एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं. इथे वाजतंय म्हणजे तिच्या खोलीत शांतता आहे. चुकून झालं असेल तर ती जागी आहे, पंखा का लागत नाही बघत. मुद्दाम केलं असेल तर काय सांगतेय? तुमचा तुम्ही ठेवा, असं? की दुसरं काही?

मी बंद करायला उठलो. नं.: "हात लावू नका."

"जागी असेल तर?"

"फोन करा मग. विचारा तिला."

फोन हातात आहे. नंबर काढलाय. ती झोपली असेल तर परत मीच उठवणार.

नं. सोफ्यावर आडवी झाली आहे, डोळे उघडे. सव्वाअकरा. चालू आहे.