मुतखडा नव्हताच

शालूचे बाबा,

मुंबईच्या डॉक्टरचं पत्र मीच फोडलं. थायरॉइडचा कॅन्सर माह्या गळ्यातून गुर्द्यात उतरला होता ना, तिथल्या औषधानं गुर्द्यातली गाठ पार विरली, असं लिहिलं आहे!

हो, कॅन्सर. तुमी मुतखडा सांगितला, अन् तो खरा वाटावा म्हणून सहा महिने रोज कुळथाचं पाणी पाजलं. मले तर दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमचा चेहरा पाहून गुपचूप पीत राहिली.

मोर्शीले बेबीताईकडे पेढे घेऊन चालली. भाकरी टोपल्यात, पिठलं झाकलेलं आहे. संध्याकाळच्या मोटारीनं येते.

(मागच्या बाजूले वाचा)

गल्लीत काही बोलू नका. खोटं सांगायचा मान तुमी घेतला, खरं सांगायचा माह्या.

भागीरथा