तिसरी हाक

लास ग्रुयास, १४ मार्च १७६४

आज जमीन माझी, कासिल्दा मोन्तेसची, झाली. दॉन सेराफिन इथला आल्काल्दे, म्हणजे गावचा कारभारही त्याचा आणि न्यायही त्याचाच. तो म्हणाला, रोज चार ओळी लिहीत जा. चार वर्षं सलग इथेच राहिलीस हे दाखवता आलं तरच पक्का कागद होतो. म्हणून ही वही. पाद्रीबाबांनी लहानपणी शिकवलेली अक्षरं हात अजून विसरला नाही. चुका काढणाऱ्याने खुशाल काढाव्यात.

ताब्याचा सोहळा झकास झाला. दॉन सेराफिनने माझा हात धरून शेतभर फिरवलं. मी गवत उपटलं, चारी दिशांना दगड भिरकावले, राजाच्या नावाने ओरडले. पन्नाशीची बाई घसा फोडतेय म्हणून लोक हसले. हसू देत, त्यांना कुठे जमीन मिळाली. मेण लावलेल्या पन्नास वारांच्या दोरीने मोजणी झाली. पश्चिमेच्या पाटापासून पूर्वेला चार दोऱ्या. तिथे शिवेवर दगडांची रास केली, वर एक पांढरी गारगोटी. घर बरोबर मधोमध. राशीपलीकडे मेल्चोर ऑर्तेगाची जमीन. तो अकरा वर्षांमागे खेचरं घेऊन मीठ आणायला खाऱ्या तळ्याकडे गेला, तो परत आलाच नाही. ना बायको, ना पोर.

रीत अशी की शिवेवर शेजाऱ्याला तीन हाका मारायच्या. दोन हाकांमध्ये एक प्रार्थना होईल एवढं थांबायचं. त्याने ओ दिली तर त्याची हरकत ऐकायची, गप्प राहिला तर कबूल. दोन हाका झाल्या. ऊन टाळूवर, शेळ्या सकाळपासून उपाशी, आणि दॉन सेराफिन डोळे मिटून पुटपुटतोय. मी म्हटलं, नसलेल्या माणसाला किती बोलवाल, आटपा आता. तोही घामाने निथळत होता. कागदावर तीन हाका लिहिल्या आणि सही ठोकली.

आता राफाएलाला आणायचं. माझी लेक सांता क्रूझला एका कॅप्टनच्या मुदपाकखान्यात राबते. तेविसाव्या वर्षी हात म्हातारीचे झालेत. माझ्यामागे जमीन तिची, तसं कागदात घालूनच घेतलंय. जूनमध्ये सान हुआनच्या सणाला येईल.

२ एप्रिल

पाट उपसला. मका पेरला. अंगणात मातीची भट्टी बांधली, पहिली भाकर करपली, दुसरी बरी झाली. पाटापलीकडची उबाल्दा मिरच्यांची माळ घेऊन आली. तोंडाला खळ नाही बाईच्या. ताब्याच्या दिवशी ती माहेरी होती, म्हणून सगळं खोदून खोदून विचारत होती. हाका किती मारल्या म्हणाली. मी खरं ते सांगितलं. तर बोलता बोलता थांबली, टोपली उचलली आणि चालायला लागली. माळ ठेवून गेली, तेवढं बरं केलं.

२३ एप्रिल

कुणीतरी रास सरकवलीय. मक्याच्या पूर्वेकडच्या दहा ओळी राशीपलीकडे गेल्या. वर तीच गारगोटी. उबाल्दाच्या दारात जाऊन मी तिला चांगली झाडली. ती म्हणाली, “माझ्या कमरेला विचार ना, दगड उचलता येतात का ते. गेल्या पावसाळ्यापासून चरवीसुद्धा नवरा उचलतो.” ते खरं आहे. मग मी एकटीने सगळे दगड जागच्या जागी नेले. नखं फुटली.

९ मे

पुन्हा. आज नीट बघितलं. दगड उचलले तर खाली गवत पिवळं, मेलेलं, मुंग्यांचं जुनं वारूळ. दहा-बारा वर्षं तिथेच पडून असावेत तसं. काल तिथे मी निंदणी केली होती. मातीवर पांढरा थर होता. जिभेला लावून पाहिला. मीठ.

राशीपलीकडे गेलेला मका जळाला.

२१ मे

दॉन सेराफिनला ओढत आणलं. त्याने दोरी टाकली. पाटापासून राशीपर्यंत बरोबर चार दोऱ्या. कागदावरही चारच. म्हणाला, बाई, तुझं माप पुरं आहे, तक्रार कशाची? मी म्हटलं, घर मधोमध होतं ना, मग रास भट्टीला टेकली कशी? त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा चार. त्याच्या कपाळाला घाम, पण त्या दिवशी होता तसला उन्हाचा नव्हे.

मी पावलं मोजत चालले. मार्चमध्ये पाटापासून राशीपर्यंत अडीचशेच्या वर पावलं भरली होती. आज दीडशे.

मग मी सरळ विचारलं, ती राहिलेली हाक मारून टाकूया का. तो म्हणाला, कागदावर तिन्ही झाल्यात. झाल्या नाहीत असं म्हटलं तर माझं पद जाईल आणि तुझी जमीन. घोड्यावर बसला आणि गेला. जाताना राशीकडे पाठ केली नाही. घोडा उलटा चालवत नेला.

८ जून

भट्टी पलीकडे गेली. माती खारट झाली, ढासळली. शेळ्या त्या बाजूला बघत नाहीत.

उबाल्दा पाटापलीकडूनच बोलते आता, इकडे पाय टाकत नाही. आज म्हणाली, “दोन हाका मारून माणसाला उठवलंस, बाई. आणि बोलूच दिलं नाहीस.”

१५ जून

रास उंबऱ्याला लागली. निघून जावं असं वाटलं, बोचकंही बांधलं. मग आठवलं. मी गेले तर कागदावर पुढचं नाव राफाएलाचं. मालक ओ देत नसेल तर शिवेवरची हाक वारसाला जाते, तीही रीतच. दॉन सेराफिनकडे जाऊन म्हटलं, तिचं नाव खोडा. तर कागद गव्हर्नराकडे रवाना झालाय, हिवाळ्याशिवाय परत येत नाही. पोरीला निरोप धाडावा तर ती खेचरांच्या तांड्याबरोबर निघालीसुद्धा.

बोचकं सोडलं.

१७ जून

भर दुपारी मीच हाक मारली. आल्काल्देचं काम होतं, पण तो येत नाही, तर मी करते. उंबऱ्यात उभी राहिले, राशीकडे तोंड करून ओरडले, मेल्चोर ऑर्तेगा.

ओ पाठीमागून आली. घरातून. शांत आवाज, दमलेल्या माणसाचा.

“हजर. माझी हरकत आहे.”

घरात कुणी नव्हतं.

२० जून

रास आता खोलीत. चूल माझ्याकडे, खाट पलीकडे. खाट होती तिथे पांढरी जमीन दिसते, लांबवर. भिंत नाही. खेचरांच्या पायाचे ठसे आहेत. मी तिकडे बघत नाही.

दोरीच्या तुकड्याने पाटापासून राशीपर्यंत मोजलं. चार दोऱ्याच भरतात. देवा, चारच भरतात.

२२ जून

तो मोजतोय. दोरी ओढल्याचा आवाज. माझ्यासारखी घाई नाही त्याला. गाठ, थांबणं. गाठ, थांबणं.

२४ जून, सान हुआन

आज पोरगी येणार. उबाल्दाला ओरडून सांगितलं, तांडा दिसला की तिला पाटावरच अडव. ती नुसती बघत राहिली. ऐकलं की नाही —

ऊन डोक्यावर. हाक आली. रीतीने, पुरं नाव घेऊन.

“कासिल्दा मोन्तेस, किंवा तिचे वारस.”

आता तो प्रार्थना म्हणतोय. शब्द न् शब्द ऐकू येतो. एकही गाळत नाही.

दुसरी झाली. तीच. किंवा तिचे वारस.

खेचरांच्या घंटा. पाटाच्या बाजूने. खरंच पाटाच्या बाजूनेच ना — तिकडून नाही ना —

गप्प राहिले तर पुढची हाक तिला. आणि ती ओ देईल, कधीही हाक आली की पळत येते, तीच सवय लावली मी तिला. म्हणून मीच ओ देते. ओ दिली की राशीशी जाऊन उभं राहायचं, एवढंच.

प्रार्थना संपत आली. वही चुलीशी ठेवते. राफाएला, तुला वाचता येत नाही, कुणाकडून तरी वाचून घे. जमीन घेऊ नकोस. या घरात पाय ठेवू नकोस. आणि माझ्या आवाजात कुणी तुला हाक मारली, अगदी माझ्याच, तर तू