प्रोटिएज आणि न्यायाधीशबाईंची शाल

३ जून
आपल्या लाँड्रीत आता विज्ञान आलं. एंझाइमच्या पावडरी घेतल्या. भाची बायोकेमिस्ट्री शिकते, तिने फोनवर समजावलं. काही एंझाइम पाण्याच्या मदतीने रेणू तोडतात, ते हायड्रोलेज. काही एकाचा तुकडा काढून दुसऱ्याला देतात, ते ट्रान्सफरेज. काही ऑक्सिडेशन-रिडक्शन करतात. काही जोडतात, ते लायगेज. म्हटलं, आपल्याला तोडणारेच बरे. सगळं समजलं.
बायको म्हणाली, आधी फडक्यावर करून बघा. भित्री आहे.

५ जून
अमायलेज स्टार्च तोडतं. हॉटेलच्या आचाऱ्याच्या उंच टोप्यांवरचे सॉसचे डाग साफ! मग त्याच टबात खळ दिली. खळ म्हणजेही स्टार्चच. उरलेल्या अमायलेजने ती खाल्ली. टोप्या माना टाकून पडल्या. आचारी ओरडला, ही टोपी आहे की मोजा? मी घाबरलो नाही. मागच्या दाराने गेलो, कारण तिकडे काम होतं.

८ जून, सकाळ
न्यायाधीशबाईंनी त्यांच्या आईची रेशमी शाल आणली. आई गेल्या वर्षी वारली. शालीवर अंड्याचा डाग. जपून हं, म्हणाल्या. आवाज कोर्टातलाच.
अंडं म्हणजे प्रोटीन, त्याला प्रोटिएज. कोमट पाण्यात भिजत घातली. निर्धास्त.

९ जून
डाग गेला. डागाखालचं रेशीमही गेलं.
भाचीला फोन. तिने विचारलं, मामा, रेशीम कशाचं असतं? म्हटलं, किड्यांचं. म्हणाली, अहो, प्रोटीनचं!
शाल उजेडात धरली, तर पलीकडे बायको दिसली. तीही घाबरलेली.
भाचीला विचारलं, लायगेज कुठे मिळेल? म्हणाली, ते रेणू जोडतं मामा, शाली नाही.

१० जून
दारात कुणी आलं की मला मागच्या दाराकडे काम निघतं. तुरुंगातही लाँड्री असते म्हणे. तेवढाच आधार.
रफूवाला म्हणाला, सुई टोचायला कापड तरी ठेवायचंत!
ठरलं. बाईंना खरं ते सांगायचं. छातीठोकपणे. सुरुवात बायको करेल.

१२ जून
बाई आल्या. मी कोटांच्या रॅकमागे होतो, कोट मोजत. बायकोने सगळं सांगितलं. बाईंनी शाल नाकाशी धरली. म्हणाल्या, आईचा वास होता हिला. तोही धुतलात.
रागावल्या नाहीत. शाल घडी करून घेऊन गेल्या.
बायको म्हणाली, गेल्या त्या, या बाहेर.
अजून रॅकमागेच आहे.